दोन्हीकडची दलाली

“अन् पाणी?” वर्षालीनं मोरीतली तोटी फिरवत विचारलं. तोटीनं आधी घसा खाकरला, मग दोन थेंब टाकले आणि गप्प बसली.

दुसरा कुणी दलाल असता तर त्याचं तोंड तिथल्या तिथे उतरलं असतं. नानाजी उरकुड्यांचं नाही उतरलं. वर्ध्याजवळच्या नालवाडीत घरं आणि प्लॉट दाखवण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. कोरडी तोटी, ओली भिंत, कुरकुरणारं दार, प्रत्येकासाठी त्यांच्याकडे काहीतरी सांगायला असायचंच.

“नळ एक दिवसाआड येते, बाई. आज त्याचा उपास आहे,” ते म्हणाले. “तू बोरिंग पाह्य. मागच्या मे महिन्यात अर्धी गल्ली या बोरिंगवर पाणी भरत होती. खोटं वाटत असन तं बाहेर कोणालेही विचारून घेजो.”

वर्षाली हसली. आणि गंमत म्हणजे, गोष्ट खरी होती. नानाजी खोटं बोलत नसत, खरं तेवढंच सांगत, फक्त त्याला जरा इस्त्री करून सांगत. दलालीत पडायच्या आधी ते अकरा वर्षं कापडाच्या दुकानात होते. थान उलगडावं तसं ते घर उलगडत. साध्या खोल्या आधी, चांगलं ते शेवटी. या घरातलं चांगलं म्हणजे मागचं अंगण होतं, आणि तिथलं पेरूचं झाड. ते अजून दाखवायचं बाकी होतं.

घर कैलास झाडेचं. बाराशे फुटांचा प्लॉट, तीन खोल्या, वर स्लॅब. बाप दोन वर्षांपूर्वी गेला, कैलासची नोकरी नागपूरला, म्हणून विकायला काढलेलं. घेणारा रजत पोहाणे. जाम गावच्या चौरस्त्यावर त्याचं टायरचं दुकान होतं. दिवसरात्र ट्रकची धूळ खाऊन तो कंटाळला होता, आणि दोन्ही पोरांना वर्ध्याच्या शाळेत घालायचं बायकोनं पक्कं केलं होतं. वर्षाली म्हणजे त्याची बायको. त्याची आई शोभाबाईही सोबत आली होती, पण तिचे गुडघे धरलेले, म्हणून ती बाहेर ओट्यावरच टेकली होती.

पेरू दाखवून झाला. सगळे समोरच्या खोलीत बसले. कैलास म्हणाला, सव्वीस लाख. रजत म्हणाला, चोवीस. मग कैलास मोबाईलमध्ये बघत बसला आणि रजत छताकडे. दोघांच्या मध्ये दोन लाखांचा खड्डा, आणि खड्ड्याच्या काठावर नानाजी.

नानाजींना हा सौदा हवा होता. नुसता हवा नव्हता, फार हवा होता.

आठ महिने त्यांच्या हातून एक घर विकलं गेलं नव्हतं. मागच्या गल्लीतला पियुष मोबाईलवर घरांचे व्हिडिओ टाकायचा, वर गाणं लावायचा, आणि खाली लिहायचा की घेणाऱ्याकडून दलाली शून्य. लोकांना तेवढंच दिसायचं. विकणाऱ्याकडून तो दोनाऐवजी अडीच टक्के काढतो आणि विकणारा ते घराच्या भावात चढवतो, हे कुणी लिहीत नव्हतं. नानाजींचा हिशेब उघडा होता. एक टक्का विकणाऱ्याचा, एक टक्का घेणाऱ्याचा. “टाळी दोन हातानं वाजते,” ते सांगत, “मंग टाळीचे पैसे एकाच हातानं काऊन द्यावे?” आणि त्यांचा दुसरा नियम तर त्याहून कडक होता. सौदाचिठ्ठीवर सह्या व्हायच्या आधी, दोन्ही बाजू समोरासमोर बसवून, दलालीचं बोलणं तोंडावर करून घ्यायचं. मागून मागितली की ती भीक होते.

पण या वेळी पैशांमागे देवकाबाई होत्या.

देवकाबाई म्हणजे नानाजींची बायको. तीन वर्षांपासून त्यांना ऐकू कमी येत चाललं होतं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची थाप, आणि मग नानाजी गेले. म्हणजे नानाजी घरातच होते, समोरच बसून बोलत होते, पण देवकाबाईंना नुसते ओठ दिसत होते. आता सांगा, ज्या माणसानं जन्मभर बोलण्यावर भाकरी मिळवली, त्याच्या घरात ही शांतता! ओरडलं की थोडं पोचायचं. म्हणून नानाजी ओरडून कामापुरतं बोलत. जेवण वाढ. गोळी घे. दार लाव. दिवसभरातली हजार माणसं, कुणाची फजिती, कुणाचा तोरा, हे सगळं पूर्वी ते संध्याकाळी देवकाबाईंना सांगायचे आणि त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. ते बंद झालं. ओरडून सगळं सांगता येतं, गंमत सांगता येत नाही.

दिवाळीच्या आधी ते देवकाबाईंना कानाच्या मशीनच्या दुकानात घेऊन गेले होते. तिथल्या मुलीनं अर्धा तास लावून पाहायला मशीन दिली. देवकाबाई पाठ ताठ करून बसल्या. मग मान वर करून विचारलं, हा कशाचा आवाज येतोय? मुलगी म्हणाली, पंख्याचा, आजी. देवकाबाई पंख्याकडे बघत राहिल्या. पंखा एवढं बोलतो हे त्या विसरून गेल्या होत्या.

“आता ऐकू येते का वं?” नानाजींनी हळूच विचारलं. अगदी हळू, पूर्वीसारखं.

देवकाबाई वळल्या. नवऱ्याकडे बराच वेळ बघितलं.

“काऊन जी,” त्या म्हणाल्या, “तुमचा आवाज तं बुढा झाला.”

मुलगी हसली. नानाजीही हसले. अर्धा तास झाल्यावर मुलीनं मशीन काढली, कापसानं पुसली आणि डबीत ठेवली. एका कानाचे बावीस हजार. दोन्ही कानांना लावली तरच नीट, नाहीतर आवाज कुठून येतो ते कळत नाही, असं ती म्हणाली.

तेव्हापासून नानाजींच्या डोक्यात एकच गणित होतं. एका बाजूनं दिलं तर एक कान. दोन्ही बाजूंनी दिलं तर दोन.

आणि आता कैलास मोबाईलमध्ये, रजत छतात.

सौदा असा अडला की नानाजी गाव काढत. ही त्यांची जुनी युक्ती. आपल्याकडे दोन अनोळखी माणसं दहा मिनिटं एकत्र बसली की तुमी कुठले, कोणाचे, मामाचं गाव कोणतं, हे निघतंच. निघता निघता कुठेतरी धागा सापडतो. कुणाची आत्या कुणाच्या गावात दिलेली असते. धागा सापडला की माणूस सैल होतो, आणि सैल झालेला माणूस पंचवीस हजार सोडतो. नानाजींनी असे कितीतरी सौदे शिवले होते.

कैलासची आई चहाचे कप घेऊन आत आली. घर विकायचं ठरल्यापासून ती फारसं बोलत नव्हती. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

“काकू, तुमचं माहेर कोणतं जी?” नानाजींनी बशी हातात घेत सहज विचारलं.

“बोरखेडी,” ती म्हणाली. “समुद्रपूरच्या पलीकडे. आता तिकडे कोणी नाई.”

बाहेर ओट्यावरून शोभाबाईचा आवाज आला. “बोरखेडीचे कोण?”

“देवतळे.”

“कोणते देवतळे? विहिरीवरचे का वडाखालचे?”

खोलीत कुणालाच काही कळलं नाही. कैलासच्या आईच्या हातातला ट्रे मात्र वाकडा झाला. “विहिरीवरचे,” ती म्हणाली.

मग शोभाबाई गुडघ्यांवर हात देत उठली, चौकटीला धरून दारात उभी राहिली.

“मी वडाखालची,” ती म्हणाली. “तू सुलोचना होय का? का मोठी?”

“शोभी?”

बोरखेडीत दोन सख्खे भाऊ होते. एकाचं घर विहिरीपाशी, एकाचं वडापाशी. विहीर सामाईक. ओलिताच्या पाळीवरून एका उन्हाळ्यात भांडण झालं, पाळी मोजायला दगड मांडले, मग दगड एकमेकांना मारले. धाकटा भाऊ बायकापोरं घेऊन हिंगणघाटला गिरणीत कामाला गेला, तो परत आला नाही. लग्नांची बोलावणी नाहीत, मयतीचे निरोप नाहीत. दोन चुलत बहिणी, एक बारा वर्षांची, एक नऊ वर्षांची, एका ताटात जेवणाऱ्या, त्या दिवशी तुटल्या त्या तुटल्याच. त्याला बावन्न वर्षं झाली होती. आणि आज नालवाडीतल्या एका विकाऊ घरात, चहाच्या ट्रेसकट, त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

रडणं असं होतं की शेजारचे डोकावून गेले. वर्षाली रडली. रजतनं दोनदा चष्मा पुसला. कैलास मोबाईल खिशात घालून उभाच राहिला. त्याला एकदम एक मावशी आणि एक मावसभाऊ मिळाला होता आणि त्यांचं काय करायचं हे त्याला सुचत नव्हतं.

सुलोचनाबाईच पहिल्यांदा बोलल्या. लेकाला म्हणाल्या, परक्याला विकायचं म्हणून माझा जीव जात होता, आता घर घरातच राहते. पुन्हा आकडा काढू नको. कैलासनं सव्वीसचे पंचवीस केले. रजतनं चोवीसचे पंचवीस केले. दोन लाखांचा खड्डा दोन म्हाताऱ्यांच्या आसवांनी पाच मिनिटांत भरला.

नानाजींनी सौदाचिठ्ठी लिहिली. अक्षर त्यांचं सुरेख. लिहून झाल्यावर त्यांनी पेन हातात धरून ठेवला. हीच ती वेळ. दोन वाक्यं बोलायची होती, सव्वीस वर्षं जशी बोलत आले तशीच. त्यांनी घसा साफ केला. खाली फरशीवर दोघी बहिणी पाय पसरून बसल्या होत्या, हातात हात, आणि सुलोचनाबाई विचारत होत्या, काकू कधी गेली, कशानं गेली, शेवटी माझी आठवण काढली का. शोभाबाई सांगत होती.

यात एक टक्का कसा बोलायचा?

रजिस्ट्रीच्या दिवशी बोलू, नानाजींनी ठरवलं. पेन खिशाला लावला. दोघांच्या सह्या झाल्या, इसाराची रक्कम कैलासच्या हातात पडली. आणि निघताना रजत त्यांच्या पाया पडला.

“मामा,” तो म्हणाला, “तुमी नसते तं आईची अन् मावशीची भेट कायले झाली असती?”

नानाजी हरखले. घरी जाताना हवेत चालत होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी देवकाबाईंना मशीनच्या दुकानात नेलं, दोन्ही कानांचं माप द्यायला. मुलीनं कानात गुलाबी लगदा भरला आणि दहा मिनिटं हलू नका म्हणून सांगितलं. देवकाबाई दहा मिनिटं हलल्या नाहीत. नानाजींनी मापाचे आणि आगाऊ रकमेचे मिळून पाच हजार भरले. ते नानाजींच्या घरातले शेवटचे मोकळे पाच हजार होते.

रजिस्ट्री तीन आठवड्यांनी लागली. ऑफिसात गर्दी, कॅमेऱ्यासमोर फोटो, मशीनवर अंगठे. नानाजींनी साक्षीदार म्हणून सही केली. बाहेर लिंबाखाली त्यांनी कैलासला जरा बाजूला घेतलं आणि म्हणाले, ते आपलं राहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी ‘ते आपलं’ असा शब्द वापरला. दलाली हा शब्द तोंडातून निघेना. कैलासनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, मामा, रविवारी घरी या ना, चावी द्यायची आहे, जेवण ठेवलं आहे, आई म्हणते मामाचा मान करायचा आहे. मग रजतला विचारायला नानाजी वळले, तर तो शोभाबाईला रिक्षात बसवत होता.

मान म्हणजे पाकीटच असणार, नानाजींनी मनाला सांगितलं. पाकिटावर हळदकुंकू लावून देतात कधी कधी. चांगली माणसं आहेत.

रविवारी दुपारी नालवाडीच्या अंगणात पंगत बसली. दोन्हीकडची मिळून तीसेक माणसं. वांग्याची भाजी, कढी, भजी, बुंदी. नानाजींना पहिल्या पंगतीत मधोमध बसवलं, एका बाजूला कैलास, एका बाजूला रजत. जो तो येऊन आग्रह करत होता. मामा, घ्या न जी. मामा, एवढी बुंदी तं पोट्टे खातात. सुलोचनाबाई आणि शोभाबाई एकमेकींना घास भरवत होत्या आणि पुतण्या-भाच्या त्याचे फोटो काढत होत्या. नानाजी जेवले, पण पाकिटाकडे लक्ष लागलेला माणूस जेवतो तसं.

हात धुऊन झाले. दोघी बहिणी आतून ताट घेऊन आल्या. ताटात नारळ होता, पांढरी टोपी होती आणि घडी केलेला केशरी काठाचा दुपट्टा होता.

पाकीट नव्हतं.

आता हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. आपल्याकडे असा दुपट्टा-टोपीचा मान व्याह्याला होतो, मामाला होतो, जावयाला होतो. म्हणजे सोयऱ्याला. आणि ज्याच्या खांद्यावर सोयऱ्याचा दुपट्टा पडला, त्यानं त्या घरात मग हिशेब काढायचा नसतो. कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. नानाजींना तर सगळ्यांत जास्त ठाऊक. गाव काढून काढून त्यांनीच या माणसांना सोयरे केलं होतं. आता सोयऱ्यांनी त्यांना सोयरा करून घेतलं होतं.

कैलासनं दुपट्ट्याचं एक टोक धरलं, रजतनं दुसरं. दुपट्टा नानाजींच्या डोक्यावरून मागे जाणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

“थांबा, भाऊ,” ते म्हणाले. “हे घालायच्या पह्यले एक बोलायचं आहे.”

कुणीतरी म्हणालं, मामा भाषण देते. लोक हसले.

“मी सोयरा नाई,” नानाजी म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. “मी दलाल आहो. माझा एक टक्का कैलासभाऊकडून निघते, एक रजतभाऊकडून. ते मले पह्यलेच बोलाले पायजे होतं. चुकलं माझं. पण निघते.”

अंगणात पत्रावळी उचलणारे थांबले. कैलासच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातला जीव गेला.

“मामा, ते तं घेणारा देते ना,” तो म्हणाला. “नागपूरले सगळीकडे तसंच आहे. विकणाऱ्याचा काय संबंध?”

“आमच्या जामले विकणारा देते,” रजत म्हणाला. तोही हसतच होता. “पैसा कोणाच्या हातात येऊन राह्यला? त्याच्या. मंग त्यानंच द्याव ना, दादा.”

“अरे, म्या तुह्यासाठी एक लाख सोडले.”

“तुमी सोडले? म्या एक लाख वाढवले, ते कोणी मोजले नाई.”

वर्षाली मागून म्हणाली, तो पियुष घेणाऱ्याकडून रुपयाही घेत नाही. कैलासची बायको म्हणाली, मग पियुषकडेच जायचं होतं. एका काकांनी मध्ये पडून सांगितलं की घरातल्या घरात दलाली कसली, हे तर कुठेच ऐकलं नाही. दुसरे म्हणाले, माणसाची मेहनत आहे, पण द्यायची कुणी ते आधी ठरायला हवं होतं. दुपट्ट्याची दोन टोकं अजून दोघांच्या हातात होती आणि दुपट्टा मध्ये ताणला गेला होता.

“राहू दे,” कैलास शेवटी म्हणाला, “मी देतो दोन्हीकडचे. आई सांगतच होती, वडाखालच्याहीले पह्यलेपासून मोजून द्यायची सवय आहे.”

हे तो चिडून बोलला. बोलल्यावर त्यालाही कळलं. पण शब्द अंगणात पडला होता.

नानाजी त्या दोघी बहिणींकडे बघत होते. शोभाबाईनं सुलोचनाबाईच्या हातातून आपला हात काढून घेतला नव्हता. तिनं तो फक्त सैल सोडला होता. सुलोचनाबाई तो घट्ट धरून ठेवत होत्या आणि लेकाकडे बघत होत्या, बारा वर्षांच्या पोरीनं बघावं तसं, मोठी माणसं आता दगड उचलतील अशा नजरेनं.

दोन्ही कान, नानाजींच्या मनात आलं. अजूनही दोन्ही कान होऊ शकतात. कैलास देतो म्हणाला आहे. नुसतं गप्प राहायचं.

“अरे बाप्पा!” ते मोठ्यानं म्हणाले. “एवढी गंमत केली तं तुमी खरंच भांडाले बसले. आता सोयऱ्यानं एवढी मस्करीही करू नये का? मामा म्हणता ना मले? मंग घाला इकडे दुपट्टा. हात दुखून राह्यले असतील पोट्ट्याहीचे.”

आणि त्यांनी मान खाली वाकवली.

मग सगळं अंगण एकदम हसलं, जरा जास्तच हसलं. कैलास म्हणाला, मामा, तुमी तं आमचा जीवच घेतला. रजतनं टोपी डोक्यावर बसवली. टाळ्या झाल्या. तीस माणसांत एकानंही, गमतीतसुद्धा, दलालीचं पुन्हा विचारलं नाही.

निघताना शोभाबाई कुंपणाच्या फाटकापर्यंत आली. गुडघ्यांमुळे तिला वेळ लागला. हातात बुंदीचा डबा होता.

“भाऊ,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुमी गंमत नव्हती केली.”

“बाई, जेवण मस्त झालं,” नानाजी म्हणाले. “कढी तं एक नंबर.”

त्यांचं घर तीन गल्ल्या पलीकडे. उन्हं उतरली होती. मागच्या गल्लीच्या तोंडाशी पियुष गाडीवर बसून मोबाईल बघत होता. त्यानं टोपी बघितली, दुपट्टा बघितला.

“नानाजी, झाडेचं घर गेलं म्हणते,” तो म्हणाला. “दोन्हीकडून घेतले का?”

“दोन्हीकडून,” नानाजी म्हणाले आणि चालत राहिले.

देवकाबाई ओट्यावर बसून संभाराची हिरवी जुडी निवडत होत्या. नवऱ्याला दुरूनच बघून उभ्या राहिल्या, पदराला हात पुसले. दुपट्टा दिसल्यावर त्यांचा चेहरा उजळला. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. त्यांनी विचारलं ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

“देले का जी पैसे?”

समोरच्या ओट्यावरच्या दोन बायका वळल्या. नळावरचा माणूस वळला. मागे पियुषची गाडी अजून सुरू झाली नव्हती. नानाजींना उत्तर द्यायचं तर तेवढ्याच मोठ्यानं द्यावं लागणार होतं. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं, बुंदीचा डबा देवकाबाईंच्या हातात दिला आणि आत गेले.

देवकाबाई त्यांच्या मागे आल्या. दार लावून घेतलं. खिडकीही लावली. मग दोन खुर्च्या ओढून जवळजवळ मांडल्या, नानाजींना बसवलं, आपण बसल्या, आणि डोक्यावरचा पदर मागे सारून उजवा कान त्यांच्या तोंडाशी नेला.

“पह्यल्यापासून सांगा,” त्या म्हणाल्या.

नानाजींनी सांगायला सुरुवात केली. पंगत सांगितली, वांगे सांगितले, ताट सांगितलं. आपण हात वर केला ते सांगितलं, कोण काय बोललं ते सांगितलं. देवकाबाई मध्येच विचारत, काय, काय म्हणाला. ते पुन्हा सांगत. पैसे आले नाहीत, हे त्यांनी सांगितलं. देवकाबाईंनी मान हलवली. दोघी बहिणींनी हात कसे धरले होते, मग एक हात कसा सैल झाला, ते सांगितलं. देवकाबाईंनी मान हलवली. म्हणून मी गंमत म्हणालो, ते म्हणाले. त्यावरही देवकाबाईंनी मान हलवली, तशीच, तेवढीच.

त्यांची मान ऐकून हलते कधी आणि न ऐकता हलते कधी, हे नानाजींना आता ओळखू यायला लागलं होतं. ते जरा थांबले. देवकाबाईंनी कान बाजूला घेतला नाही. मग त्यांनी पुढे सांगायला घेतलं, हळू, पूर्वीसारखं. टोपी कशी डोक्याला मोठी झाली ते सांगितलं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत एका पोराच्या गालाला कढी लागली होती, तेही.